जंगलाने राखलेली भाषा शाळा वाचवील काय?

पोलंडच्या उत्तरेस, बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यापासून थोडे आत, बितुफ नावाचा जिल्हा आहे. क्षेत्रफळ सुमारे २,२०० चौरस किलोमीटर, लोकसंख्या जेमतेम पाऊण लाखाच्या आसपास. निम्म्याच्या आसपास भूभाग पाइनच्या जंगलाने व्यापलेला, उरलेल्यात तळी, दलदल आणि रेताड शेते. या जंगलातून जाणारा रस्ता एखाद्या गावाच्या वेशीवर पोहोचतो, तेव्हा अनेक ठिकाणी पाटीवर गावाचे नाव दोनदा लिहिलेले आढळते. वर पोलिश, खाली काशुबी. पुष्कळदा दोन नावांत एखाद्या स्वराचाच काय तो फरक असतो. परक्या प्रवाशाला तो जाणवणारही नाही. पण या एका स्वराला सरकारी पाटीवर जागा मिळावी यासाठी येथील समाजाला दीड शतकाहून अधिक काळ झगडावे लागले.

ही जागा ज्या कायद्याने मिळवून दिली, त्याला २०२५ मध्ये वीस वर्षे पूर्ण झाली. पोलंडच्या संसदेने ६ जानेवारी २००५ रोजी राष्ट्रीय व वांशिक अल्पसंख्याक आणि प्रादेशिक भाषा यांविषयीचा कायदा संमत केला. त्यात ‘प्रादेशिक भाषा’ हा दर्जा एकाच भाषेला देण्यात आला, तो काशुबीला. तेव्हापासून शाळांत ही भाषा शिकवण्यासाठी सरकारी पैसा येऊ लागला, शालान्त परीक्षेत ती विषय म्हणून घेता येऊ लागली, विद्यापीठात तिचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. युरोपातील एखाद्या लहान भाषेला जे जे मिळावे असे वाटते, त्यातील बरेच काही काशुबीच्या पदरात पडले. आणि तरीही याच काळात घरात काशुबी बोलणाऱ्यांची संख्या घटली. २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ८ हजार लोकांनी आपण घरी काशुबी बोलतो असे सांगितले होते. २०२१ मध्ये हा आकडा नव्वद हजारांच्या आत आला. सरकारने भाषेला मान दिला, शाळेने तिला वर्ग दिला आणि घराने मात्र तिची साथ सोडली, असे हे विपरीत चित्र आहे. त्याचा अर्थ लावायचा, तर बितुफसारख्या जिल्ह्याचा भूतकाळ आणि वर्तमान दोन्ही पाहावे लागतात.

काशुबी ही पश्चिम स्लाव्ह गटातील भाषा. ओडर आणि व्हिस्टुला या नद्यांच्या दरम्यान, बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्यावर एकेकाळी ज्या पोमेरेनियन बोली बोलल्या जात, त्यांची ही अखेरची जिवंत वारस. पश्चिमेकडील बाकीच्या बोली जर्मन वसाहतींच्या विस्तारात शतकानुशतके विरघळत गेल्या. काशुबी टिकली ती मुख्यतः जमिनीच्या दारिद्र्यामुळे. वाळूची जमीन, कमी उत्पन्न, विखुरलेल्या वाड्या आणि त्यांच्या मधे मैलोनमैल जंगल, अशा ठिकाणी नव्या वसाहतकाराला फारसे आकर्षण नव्हते. गाव गावापासून तुटलेले राहिले आणि त्या तुटलेपणातच भाषा सुरक्षित राहिली. जंगलाने माणसांना श्रीमंत केले नाही, पण त्यांची बोली राखली.

ती बोली की भाषा, हा वाद मात्र एकोणिसाव्या शतकापासून चालत आला. अशा वादांचे स्वरूप मराठी वाचकाला अपरिचित नाही. फ्लोरियान त्सेइनोवा या डॉक्टराने त्या शतकाच्या मध्यास काशुबीत लेखन सुरू केले आणि तिचे व्याकरण रचले. १८९३ मध्ये स्तेफान रामुल्त यांनी शब्दकोश प्रसिद्ध करून ती पोलिशहून वेगळी भाषा असल्याचे ठामपणे मांडले. त्यावरून पोलिश विद्वानांत मोठे वादंग माजले. ते केवळ भाषाशास्त्राचे नव्हते. त्या वेळी पोलंड हे राज्यच नकाशावर नव्हते. काशुबी ही वेगळी भाषा आहे असे म्हणणे म्हणजे प्रशियाच्या हातात कोलीत देणे, असे पोलिश देशभक्तांना वाटे. उलट काशुबींना पोलिश मानायचे, तर बाल्टिक किनाऱ्यावर पोलंडचा हक्क सिद्ध होत असे. भाषेच्या व्याकरणापेक्षा तिच्या भूगोलाचे वजन अधिक ठरले. पुढे अलेक्सांदर माइकोव्स्की या आणखी एका डॉक्टराने रेमुस नावाच्या पुस्तकविक्या भटक्याची कथा सांगणारी कादंबरी लिहिली. ती संपूर्ण स्वरूपात १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि या बोलीत श्रेष्ठ साहित्य निर्माण होऊ शकते हे तिने दाखवून दिले. लेखक त्याच वर्षी निधन पावला आणि पुढल्याच वर्षी युद्ध सुरू झाले.

बितुफ जिल्ह्याच्या आजच्या सीमेत या इतिहासाचे सर्व पदर एकत्र आले आहेत. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड पुन्हा अस्तित्वात आला, तेव्हा १९२० मध्ये नवी सरहद्द नेमकी या जंगलातून गेली. बितुफ शहर आणि भोवतालची गावे जर्मनीत राहिली. शेजारचा लिपनित्सा परिसर पोलंडमध्ये आला. एकाच बोलीची, एकाच धर्मपंथाची, एकमेकांत सोयरीक असलेली कुटुंबे दोन राज्यांचे नागरिक झाली. जर्मन बाजूच्या काशुबींनी आपले वेगळेपण टिकवण्यासाठी जो मार्ग धरला, तो लक्षणीय आहे. प्वोतोवोसारख्या गावांत १९२९ पासून अल्पसंख्याकांच्या पोलिश शाळा निघाल्या. मुले घरी काशुबी बोलत आणि शाळेत पोलिश शिकत. जर्मन होण्यापासून वाचायचे, तर पोलिश छत्राखाली उभे राहायचे, असा हा हिशेब होता. त्यात स्वतः काशुबीसाठी वर्ग नव्हता. लहान भाषेच्या नशिबी पुष्कळदा स्वातंत्र्याची निवड नसतेच. दोन मोठ्या भाषांपैकी कोणती आपल्याला कमी गिळील, एवढीच निवड उरते.

या निवडीत चर्चचाही वाटा होता. कॅथलिक काशुबी पोलिश प्रार्थना ऐकत आले, म्हणून ते पोलिश जगाशी जोडलेले राहिले. याच वंशाचे, पण प्रॉटेस्टंट पंथाचे स्लोविंशियन लोक वायव्येस किनाऱ्यालगतच्या तळ्यांकाठी राहत. त्यांच्या चर्चची भाषा जर्मन होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांची बोली संपुष्टात आली. १९४५ नंतर नव्या राज्याने त्यांना जर्मन ठरवले आणि बहुतेकांनी जर्मनीचा रस्ता धरला. क्लुकी या त्यांच्या गावात आज खुले संग्रहालय आहे. यातील खेदाची गोष्ट अशी की, फ्रिडरिश लोरेन्ट्स या भाषातज्ज्ञाने १९०३ मध्येच स्लोविंशियनचे सविस्तर व्याकरण प्रसिद्ध केले होते आणि पाठोपाठ शब्दकोशही सिद्ध केला होता. कागदावर ती बोली उत्तम रीतीने जतन झाली. बोलणारे तेवढे उरले नाहीत. काशुबीच्या भवितव्याची चर्चा करताना हे उदाहरण नजरेआड करता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या समाजावर जे ओढवले, त्याचे पडसाद अगदी अलीकडच्या राजकारणापर्यंत उमटत राहिले. १९३९ च्या शरद ऋतूत आणि त्यानंतरच्या महिन्यांत वेइहेरोवोजवळच्या प्याश्नित्सा जंगलात नाझींनी १२ ते १४ हजार माणसे ठार केली, असा अंदाज आहे. त्यांत पोमेरेनियातील शिक्षक, धर्मगुरू, अधिकारी मोठ्या संख्येने होते. म्हणजे ज्यांच्या हाती समाजाची लेखणी होती, तेच वेचून मारले गेले. उरलेल्यांना जर्मन वंशाच्या यादीत नाव घालण्याची सक्ती झाली आणि त्या यादीतील तरुणांना जर्मन सैन्यात भरती करण्यात आले. ‘ग्रिफ पोमोर्स्की’ या भूमिगत संघटनेचे लोक याच जंगलांत लपून लढत होते. एकाच घरातला एक मुलगा जंगलात आणि दुसरा जर्मन गणवेशात, हे या प्रदेशातले अपवादात्मक चित्र नव्हते. युद्ध संपल्यावर पोलिश राज्याने त्या गणवेशाकडे पाहिले, सक्तीकडे पाहिले नाही.

बितुफ परिसर १९४५ मध्ये पोलंडकडे आला. जर्मन रहिवाशांना घालवून देण्यात आले. मध्य पोलंडमधून आणि सोव्हिएत संघाकडे गेलेल्या पूर्वेकडील भागातून नवे लोक आणून वसवण्यात आले. १९४७ मध्ये ‘व्हिस्टुला मोहिमे’त देशाच्या आग्नेयेकडून सुमारे १ लाख ४० हजार युक्रेनियन व लेम्को लोकांना उठवून उत्तरेस व पश्चिमेस विखुरण्यात आले. त्यांतील काही या जिल्ह्यात पोहोचले. मूळ काशुबींना मात्र आपण जर्मन नसून पोलिश आहोत हे अधिकाऱ्यांपुढे सिद्ध करावे लागले. ज्यांचे पूर्वज शतकानुशतके या मातीत राहिले, त्यांनी काल आलेल्या अधिकाऱ्याकडून नागरिकत्वाचा दाखला घ्यायचा, असा हा प्रकार होता. शाळेत काशुबी बोलणाऱ्या मुलाची थट्टा होई, कधी शिक्षाही. आपली बोली ही अडाण्यांची पोलिश आहे, ही भावना त्या पिढीच्या मनात खोल रुजली. त्या पिढीने आपल्या मुलांशी घरात पोलिश बोलायला सुरुवात केली, ती वैरापोटी नव्हे. मुलांच्या वाट्याला आपल्यासारखा अपमान येऊ नये, हीच त्यामागची इच्छा होती. आजच्या घटीचे बीज तेथे आहे.

संशयाची ही छाया किती लांब पडली, हे २००५ मध्येच दिसले. ज्या वर्षी काशुबीला कायदेशीर दर्जा मिळाला, त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत ग्दान्स्कचे काशुबी वंशाचे उमेदवार डोनाल्ड टस्क यांच्या आजोबांनी जर्मन सैन्यात नोकरी केल्याचा मुद्दा विरोधी गोटातून उकरून काढण्यात आला. ते स्वेच्छेने गेले होते, असे सूचित करण्यात आले. प्रत्यक्षात हे आजोबा नाझी छळछावणीत कैदी होते आणि १९४४ मध्ये त्यांची सक्तीने भरती झाली होती. पुढे ते पश्चिमेकडील पोलिश सैन्यात सामील झाले. टस्क ती निवडणूक हरले. २००७ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा त्या पदावर आले. पराभवाला हेच एक कारण होते, असे म्हणता येणार नाही. पण ‘आजोबा जर्मन सैन्यात’ हा शब्दप्रयोग पोलिश राजकारणात कायमचा रुळला. काशुबी घरांत मात्र त्याचा अर्थ निराळा लागला. राजधानीत बसलेल्यांना आपला इतिहास आजही ठाऊक नाही, असा तो अर्थ होता.

या पार्श्वभूमीवर २००५ च्या कायद्याची रचना पाहिली, म्हणजे त्यातील सावधपणा लक्षात येतो. या कायद्याने नऊ राष्ट्रीय आणि चार वांशिक अल्पसंख्याक समाजांना मान्यता दिली. काशुबी समाजाचे नाव या दोन्ही याद्यांत नाही. मान्यता मिळाली ती भाषेला, ती बोलणाऱ्या समाजाला नव्हे. या तडजोडीला काशुबी नेतृत्वाचीही संमती होती. १९५६ मध्ये स्थापन झालेली काशुबी-पोमेरेनियन संघटना ही या समाजाची सर्वांत मोठी संस्था. काशुबी असणे आणि पोलिश असणे यांत विरोध नाही, ही तिची भूमिका राहिली आहे. तिचे एक अग्रणी लेखक लेख बोंतकोव्स्की हे १९८० च्या ग्दान्स्क संपात सहभागी होते आणि ‘सॉलिडॅरिटी’चे पहिले प्रवक्ते होते. पोलंडच्या स्वातंत्र्यलढ्यात ज्यांनी असा भाग घेतला, त्यांना स्वतःच्या देशात ‘अल्पसंख्याक’ म्हणवून घेणे रुचले नाही, हे समजण्यासारखे आहे.

पण नव्या पिढीतील काहींना ही तडजोड अपुरी वाटते. २०११ मध्ये स्थापन झालेली ‘काशेब्स्को येदनोता’ ही संघटना काशुबींना वांशिक अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळावी, अशी मागणी करते. समाजाशिवाय भाषा म्हणजे मुळाशिवाय झाड, असा तिच्या युक्तिवादाचा आशय आहे. २०११ च्या जनगणनेत प्रथमच नागरिकांना दोन ओळखी नोंदवण्याची मुभा मिळाली, तेव्हा सुमारे २ लाख ३० हजार लोकांनी आपण काशुबी असल्याचे सांगितले. त्यांतील बहुसंख्यांनी त्याबरोबर ‘पोलिश’ही नोंदवले. २०२१ मध्ये ही संख्या सुमारे १ लाख ८० हजारांवर आली. दोन्ही जनगणनांची पद्धत एकसारखी नव्हती, त्यामुळे आकड्यांची तुलना सांभाळून केली पाहिजे. पण दोन गोष्टी स्पष्ट आहेत. बहुसंख्य काशुबी स्वतःला दोन्ही मानतात, त्यामुळे वेगळ्या समाजाची मागणी अल्पमतात आहे. आणि स्वतःला काशुबी म्हणवणाऱ्यांपैकी निम्मेच घरात ती भाषा बोलतात. ओळख उरते आणि भाषा गळते, अशी ही अवस्था आहे.

भाषेला मिळालेला दर्जाही किती दुर्मीळ आहे, हे सायलेशियन भाषेच्या अनुभवावरून कळते. देशाच्या दक्षिणेस साडेचार लाखांहून अधिक लोकांनी २०२१ मध्ये आपण घरी सायलेशियन बोलतो, असे नोंदवले. काशुबीच्या पाचपट. एप्रिल २०२४ मध्ये संसदेने तिला दुसरी प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता देणारे विधेयक संमत केले. मे महिन्यात अध्यक्ष आंद्झेय दुदा यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. सायलेशियन ही पोलिशची बोली आहे आणि शेजारी युद्ध सुरू असताना राष्ट्रीय ओळख जपण्याला विशेष महत्त्व आहे, असे कारण देण्यात आले. एकोणिसाव्या शतकात काशुबीविरुद्ध जो युक्तिवाद झाला, त्याचाच हा नवा अवतार. संख्येने भाषा ठरत नाही. ती मागणाऱ्यांवर राज्याचा विश्वास किती, यावर ते ठरते. काशुबींनी अल्पसंख्याकत्व न मागून तो विश्वास मिळवला, असे म्हणावयास जागा आहे.

त्या विश्वासाच्या बदल्यात प्रत्यक्ष काय मिळाले? कायद्यानुसार ज्या ग्मिनेत, म्हणजे काही गावांच्या मिळून बनलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थेत, जनगणनेप्रमाणे किमान २० टक्के लोक काशुबी बोलतात, तेथे ती सहायक भाषा म्हणून कार्यालयात वापरता येते. २००६ मध्ये हा दर्जा सर्वप्रथम घेतला तो बितुफ जिल्ह्यातील पार्खोवोने. त्यानंतर शेराकोवित्से, लिनिया, झुकोवो आणि लुझिनो या चार ग्मिनांची भर पडली. २०१४ नंतर पाचाची यादी तेथेच थांबली. अर्ज काशुबीत करण्याचा हक्क नागरिकाला मिळाला, पण व्यवहारात तो क्वचितच बजावला जातो. समोरचा कारकून पोलिश जाणतो, अर्जदारही जाणतो, नमुने पोलिशमध्ये छापलेले असतात. मग काशुबीत लिहिणे ही गरज राहत नाही, निवेदन होऊन बसते. आणि रोजच्या कामासाठी कोणी निवेदन करत बसत नाही.

खरा भर राहिला तो शाळेवर. १९९१ मध्ये ग्वोदनित्सा या लहान गावातील प्राथमिक शाळेत आणि ब्रुसी येथील माध्यमिक शाळेत काशुबीचा प्रारंभ झाला. १९९६ मध्ये शुद्धलेखनाच्या नियमांवर एकमत झाले. २००५ पासून शालान्त परीक्षेत काशुबी आली, २०१४ मध्ये ग्दान्स्क विद्यापीठात तिचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. आज वीस हजारांच्या आसपास मुले शाळेत काशुबी शिकतात. जेथे सुरुवात बोटावर मोजण्याएवढ्या मुलांनी झाली, तेथे ही प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी आहे.

मात्र या आकड्यामागील यंत्रणा समजून घेतली पाहिजे. पालकांनी लेखी मागणी केली, की शाळेत आठवड्याला साधारण तीन तास काशुबी शिकवली जाते आणि अशा प्रत्येक विद्यार्थ्यामागे सरकार ग्मिनेला वाढीव अनुदान देते. लहान शाळांसाठी ही वाढ अधिक असते. पटसंख्या घटल्यामुळे बंद पडण्याच्या बेतात असलेल्या खेड्यातील शाळेला हा मोठा आधार ठरतो. काशुबीने काही शाळा वाचवल्या, असे म्हटले तर वावगे होणार नाही. त्यात वाईट काही नाही. पण हा पैसा नेमका भाषेवरच खर्च होतो काय, हा प्रश्न पोलंडमध्ये वारंवार विचारला गेला आहे. आणि अनुदानावर उभा असलेला विषय मंत्रालयाच्या एका आदेशाने कोसळू शकतो, हेही तेथे पाहिले गेले आहे. २०२२ मध्ये जर्मन अल्पसंख्याकांच्या मुलांचे मातृभाषेचे तास सरकारने तीनवरून एकावर आणले. काशुबीला तेव्हा हात लागला नाही, पण इशारा सर्वांना मिळाला.

त्याहून मूलभूत अडचण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. काशुबी हा विषय आहे, माध्यम नाही. गणित, इतिहास, निसर्गशास्त्र पोलिशमध्येच शिकायचे आणि आठवड्यातून तीन तास काशुबी शब्द, गाणी, लोककथा यांची ओळख करून घ्यायची. पोलंडने २००९ मध्ये प्रादेशिक वा अल्पसंख्याक भाषांविषयीच्या युरोपीय सनदेला मान्यता दिली, तेव्हा काशुबी माध्यमातून शिक्षण उपलब्ध करून देण्याचे बंधनही स्वीकारले. ते पाळले गेलेले नाही, याकडे युरोप परिषदेच्या तज्ज्ञ समितीने लक्ष वेधले आहे. ज्या घरात भाषा बोलली जाते, त्या घरातील मुलाला तीन तासांत लेखन शिकता येईल. ज्या घरात ती बोलली जात नाही, त्या मुलाला तीन तासांत बोलता येणार नाही. आणि आता दुसऱ्या प्रकारची मुलेच अधिक आहेत. त्यात पुस्तकातील प्रमाण काशुबी आणि गावागावांतील बोली यांत अंतर आहे. शाळेत शिकलेला शब्द घेऊन नातू आजीकडे जातो, तेव्हा आजी म्हणते की आमच्याकडे असे म्हणत नाहीत. ज्या एका व्यक्तीशी त्याला ती भाषा बोलता आली असती, तिच्याशी संवादाचा पहिलाच प्रयत्न असा अडखळतो.

येथे एक समज दूर करणे आवश्यक आहे. लहान भाषा मरतात त्या बोलणारे कमी जन्मतात म्हणून, असे अनेकदा मानले जाते. काशुबियाच्या बाबतीत ते खरे नाही. बितुफच्या पूर्वेकडील कार्तुझी हा काशुबींचा मध्यवर्ती जिल्हा पोलंडमध्ये सर्वाधिक जननदर असलेल्या जिल्ह्यांत गणला जातो. संपूर्ण देश घटत्या लोकसंख्येची चिंता करत असताना तेथे मुलांची वाण नाही. वाण आहे ती त्या मुलांशी काशुबीत बोलणाऱ्या आईबापांची. ग्दान्स्क, सोपोत आणि ग्दिनिया या तीन जोडशहरांची वस्ती कार्तुझी आणि वेइहेरोवोच्या खेड्यांपर्यंत पसरली. जमीन विकून घरे उठली, शहरातील कुटुंबे राहायला आली आणि गावातील मुले त्यांच्यासोबत पोलिशमध्ये खेळू लागली. पूर्वी जंगल आणि खराब रस्ते जी भिंत उभी करत, ती आता उरलेली नाही.

बितुफमध्ये शहराचा हा लोंढा अजून पोहोचलेला नाही. तेथे प्रश्न उलटा आहे. शेती लहान, रोजगार मुख्यतः लाकूड, काही कारखाने आणि उन्हाळ्यातील पर्यटन. तरुण शिक्षणासाठी किनाऱ्यावरील शहरांत वा परदेशी जातात आणि पुष्कळदा तिकडचेच होतात. ज्या जंगलावर येथील निर्वाह चालतो, तेही किती अशाश्वत आहे हे ११ ऑगस्ट २०१७ च्या रात्री कळले. त्या रात्री आलेल्या भीषण वादळाने खोइनित्से, बितुफ, कोश्चेझिना, कार्तुझी या जिल्ह्यांतून मार्ग काढत काही तासांत सुमारे ८० हजार हेक्टर सरकारी जंगलाची हानी केली. खोइनित्से जिल्ह्यातील सुशेक येथे स्काउट शिबिरातील दोन मुली झाड कोसळून मृत्युमुखी पडल्या. कित्येक गावे दिवसेंदिवस विजेविना आणि रस्त्याविना राहिली, सरकारी मदत उशिरा पोहोचल्याची टीका झाली. तेथे आता नवी रोपे लावली गेली आहेत. पण पाइनचे जंगल उभे राहण्यास दोन पिढ्या लागतात. भाषेचेही तसेच आहे, फरक इतकाच की भाषेची रोपवाटिका घरात असते आणि ती सरकारी खात्याला चालवता येत नाही.

मग कायद्याची वीस वर्षे व्यर्थ गेली काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. या कायद्याने लाज घालवली. काशुबी बोलणे म्हणजे मागासलेपण, ही भावना आज तरुणांत नाही. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ग्दिनिया येथे काशुबींना आपला वारसा जपण्याचे आवाहन केले, तेव्हा ती दुर्मीळ गोष्ट होती. आज १९ मार्चला काशुबी ऐक्यदिन साजरा होतो. १२३८ मधील ज्या पोपच्या आज्ञापत्रात या प्रदेशाच्या नावाचा पहिला लेखी उल्लेख सापडतो, त्याची ती तिथी. पिवळे-काळे झेंडे घराघरांवर दिसतात. अभिमान परत आला, पण तो बोलीच्या आधी झेंड्यापर्यंत पोहोचला.

अडचण अशी की अभिमानाला भाषेची गरज असतेच असे नाही. झेंडा, भरतकाम, लोकनृत्य, पाटीवरचे दुसरे नाव यांवर ओळख सुखाने जगू शकते. पर्यटनालाही तेवढे पुरते. राज्यालाही अशी ओळख सोयीची वाटते, कारण ती काही मागत नाही. पुढची पायरी मात्र काही मागते. बालवाडीपासून काशुबी माध्यमाचे वर्ग, त्यासाठी प्रशिक्षित शिक्षक, प्रमाणभाषेबरोबर स्थानिक बोलीला वर्गात स्थान आणि ग्मिनेच्या कार्यालयात ती बोलणारा कर्मचारी. यांतील काहीही सध्याच्या कायद्याच्या विरोधात नाही. युरोपीय सनदेने तर ते बंधनकारकच केले आहे. त्यासाठी वांशिक अल्पसंख्याक या नव्या दर्जाची वाट पाहण्याचेही कारण नाही. पाहिजे आहे ती मागणी, आणि ती पालकांकडून आली पाहिजे. तीन तासांच्या विषयाची मागणी करणारे पालक हजारोंनी आहेत. आपल्या मुलाने निसर्गशास्त्र काशुबीत शिकावे असे म्हणणारे किती निघतील, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. आपल्या शाळकरी वयातील अपमान विसरून त्यांनी तसे म्हणावे, ही अपेक्षा सोपी नाही.

काळाची मर्यादा मात्र कठोर आहे. काशुबी हीच ज्यांची पहिली भाषा, ती पिढी आता वृद्ध होत चालली आहे. तिच्या हयातीत नातवंडांना ती भाषा ऐकायला आणि बोलायला मिळाली, तर शाळेतील पुस्तकाला आवाज लाभेल. ती पिढी गेल्यावर शाळेला व्याकरण शिकवता येईल, संभाषण नव्याने घडवावे लागेल. स्लोविंशियनांपाशी व्याकरण होते, शब्दकोश होता आणि आता संग्रहालयही आहे. क्लुकीपासून बितुफ फार दूर नाही. पार्खोवोच्या वेशीपलीकडची पोरे खेळताना कोणत्या भाषेत भांडतात, हे पुढच्या जनगणनेपूर्वी ऐकले गेले पाहिजे. २००५ च्या कायद्याचे खरे मूल्यमापन त्या भांडणात होईल.